डिमिनिश्ड सेव्हन्थ: तीन आकारांत बारा कॉर्ड्स
(पियानो आणि कीबोर्डच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मेजर, मायनर आणि साध्या सेव्हन्थ कॉर्ड्स हाताला बसल्या की डिमिनिश्ड सेव्हन्थ ही कॉर्ड शिकायला घ्यावी. चार्टवर ती 'डिम सेव्हन' अशी, किंवा नावापुढे छोटं वर्तुळ आणि ७ अशी लिहितात. वर्तुळावर तिरकी रेघ दिसली तर ती हाफ डिमिनिश्ड. तिचा चौथा स्वर एक पट्टी वर असतो. या दोघींची गल्लत सर्रास होते.

बांधायची कशी? कोणत्याही स्वरावरून निघा आणि काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत, मधल्या दोन सोडून तिसरी घ्या. असं तीनदा करा. सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट, ए. मोजताना निघालेली पट्टीच 'एक' धरली तर अंतर कमी पडतं आणि कॉर्ड बिघडते. पडताळा सोपा आहे: चौथ्या स्वरावरून आणखी तीन पट्ट्या गेलं की पहिलाच स्वर वरच्या सप्तकात भेटला पाहिजे. (पुस्तकात सी डिम सेव्हनचा चौथा स्वर 'बी डबल फ्लॅट' लिहिलेला आढळेल. पट्टी 'ए'चीच.)

अंतरं सारखी असल्यामुळे सी, ई फ्लॅट, जी फ्लॅट आणि ए या चारही नावांच्या डिम सेव्हनमध्ये तेच चार स्वर येतात. म्हणून बारा कॉर्ड्ससाठी पाठ करायचे संच फक्त तीन:

सी – ई फ्लॅट – जी फ्लॅट – ए
सी शार्प – ई – जी – बी फ्लॅट
डी – एफ – जी शार्प – बी

तिसऱ्या संचात काळी पट्टी एकच आहे, सुरुवात तिथून करा. उजव्या हाताला १-२-३-५ ही बोटं. अंगठा काळ्या पट्टीवर अवघडत असेल तर कॉर्ड उलटवून पांढऱ्यावरून धरा. दुसरा संच ई किंवा जीवरून छान बसतो.

आकार पाठ झाला तरी खरं काम पुढेच आहे: ही कॉर्ड कुठे जाते ते कळणं. तिच्यात सा आणि तीव्र मध्यमाइतकं अंतर असलेल्या दोन जोड्या आहेत, त्यामुळे ती थांबू देत नाही, पुढच्या कॉर्डकडे ओढते. किरवाणी रागातल्या चाली वाजवणाऱ्यांना हे चटकन कळेल, कारण किरवाणीचे स्वर म्हणजेच हार्मोनिक मायनर, आणि त्यातले नी, रे, म, कोमल ध म्हणजेच आपली कॉर्ड. पांढरी सहा, म्हणजे ए, हा सा धरून वाजवा. डाव्या हातात जी शार्प, उजव्यात बी-डी-एफ. आता डावा हात एक पट्टी वर, 'ए'वर. उजव्या हाताची तिन्ही बोटं एकेक स्वर खाली, ए-सी-ई वर. ए मायनर आली. डी मायनर, जी शार्प डिम सेव्हन, ए मायनर असा क्रम दहा मिनिटं वाजवलात तर कानाला तो ओढा कायमचा कळतो.

हीच हालचाल मेजरमध्येही चालते. सी मेजरवरून डी मायनरला जाताना मध्ये सी शार्प डिम सेव्हन घाला. डावा हात सी, सी शार्प, डी असा चढतो. उजव्यात ई-जी-सी होतं, त्यातला सी फक्त बी फ्लॅटवर आणा, मग तिन्ही स्वर उतरवून डी-एफ-ए. ही मधली कॉर्ड दोन ठोके पुरे. चार मात्रा धरून ठेवली तर ओढ ओसरते आणि गाणं अडखळल्यासारखं वाटतं.

स्वरपट्टी बदलण्यासाठी एक युक्ती आम्हाला फार आवडते. चारांपैकी कोणताही एक स्वर एक पट्टी उतरवा, त्या नव्या स्वराची साधी सेव्हन्थ तयार होते. तिसऱ्या संचात जी शार्प उतरवून जी केला की जी सेव्हन, म्हणजे सीकडे जायची वाट. एफचा ई केला की ई सेव्हन, म्हणजे 'ए'कडे जायची. डीचा डी फ्लॅट, बीचा बी फ्लॅट करून उरलेल्या दोन वाटा स्वतः शोधा.

कीबोर्डवर स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) लावून वाजवताना पडद्यावर भलतंच नाव आलं आणि बेसही भलताच वाजला तर वाद्य बिघडलेलं नाही. चार नावांना एकच स्वरसंच असल्यानं मूळ स्वर यंत्राला ओळखता येत नाही. काही मॉडेल्समध्ये सर्वांत खालची पट्टी बेस धरणारी 'ऑन बेस' पद्धत असते, ती निवडा. नसेल तर त्या गाण्यापुरती स्टाइल बंद ठेवून बेस डाव्या हातानं वाजवा.

पियानोवर मधल्या सीच्या एक सप्तक खाली चारही स्वर एकत्र दाबले तर नुसता गोंगाट होतो; तिथे बेसचा एकच स्वर ठेवा. सस्टेन पेडल पुढची कॉर्ड वाजताक्षणी सोडून पुन्हा दाबा, नाहीतर उतरलेले स्वर जुन्या स्वरांत मिसळून राहतात.