कोयता, खुकरी आणि मॅशेटी

फांद्या तोडणे, झुडपे साफ करणे आणि सरपण फोडणे यांसाठी एका हातात धरून चालवायची लांब, वजनदार पात्यांची हत्यारे. कुऱ्हाडीचे वजन दांड्याच्या टोकाला एकवटलेले असते, तर यांचे पात्यावर पसरलेले. महाराष्ट्र-गोव्याचा कोयता, नेपाळची खुकरी, मध्य व दक्षिण अमेरिकेतली मॅशेटी आणि मलाय प्रदेशातला पारांग ही त्यांची ठळक उदाहरणे. विकत घेणारा आधी लांबी पाहतो, पण लांबीवरून फारसे काही कळत नाही. पात्याची पाठ किती जाड आहे, धारेकडे ते कसे उतरत जाते आणि वजन मुठीपासून किती पुढे आहे, हे पाहावे.

तोडणे आणि फोडणे ही मुळात दोन निराळी कामे आहेत. तोडताना लाकडाचे तंतू आडवे कापायचे असतात. त्याला पातळ, खोल शिरणारे पाते लागते. घाव तिरपा, एकदा या अंगाने नि एकदा त्या अंगाने घातला की ढलपी उडते आणि खाच रुंद होत जाते. फोडताना तंतू कापायचे नसतातच, एकमेकांपासून सोडवायचे असतात. तिथे पाते पाचरीसारखे जाड हवे. पातळ पाते ओंडक्यात शिरते आणि तिथेच रुतून बसते, कारण भेग उघडण्याइतकी जाडी त्याला नसते. दोन्ही कामांत सारखेच सरस असे पाते म्हणूनच मिळत नाही.

मॅशेटीचे पाते साधारण ४० ते ६० सेंमी लांब, पण जाडी जेमतेम २-३ मिमी. ऊस, गवत, वेली, ओल्या फांद्या यांवर ती दिवसभर चालवता येते. वाळल्या लाकडावर मात्र पाते थरथरते आणि झणका मनगटापर्यंत येतो. पारांग तिच्यापेक्षा जाड आणि पुढे जड असतो.

खुकरीची पाठ वाकणाजवळ बहुधा ८ ते १० मिमी जाड असते. पाते पुढे झुकलेले असल्याने वजन घावाच्या जागीच येते. आखूड असूनही ती म्हणूनच खोल घाव घालते, आणि पाठ जाड असल्याने बारीक सरपणही फोडते. एकच हत्यार बरोबर न्यायचे असेल तर खुकरीच घ्यावी. म्यानात तिच्याबरोबर दोन लहान पाती असतात: कर्दा बारीकसारीक कापायला, तर चकमक धार नीट करायला. आज बहुतेक खुकऱ्या मोटारींच्या कमानपाट्यांपासून घडवतात. पाणी देताना, म्हणजे तापलेले पाते झटकन थंड करून कठीण करताना, नेपाळी लोहार तापलेल्या पात्याच्या धारेवरच किटलीने पाण्याची बारीक धार सोडतात; धार कठीण होते, पाठ चिवट राहते.

कोयत्याचे मर्म त्याच्या आत वळलेल्या टोकात आहे. त्याने फांदी जवळ ओढता येते, काटेरी जाळी हाताला न लागता बाजूला करता येते, आणि घाव निसटून जमिनीवर गेला तर पुढच्या धारेआधी टोक टेकते. कोकणात कमरेच्या आकडीला कोयता अडकवून माणूस झाडावर चढतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. भाताच्या राबासाठी (रोपांची जमीन भाजण्यासाठी) कवळ, म्हणजे पाल्याच्या फांद्या, तोडणे, नारळ सोलणे, कुंपणाची काठी तासणे हे सगळे त्याच पात्याने होते. ऊसतोडीत तर हत्याराचे नाव माणसांना मिळाले: एकत्र तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, एकट्याला ‘अर्धा कोयता’, आणि मुकादमाकडून मिळणारी उचल (आगाऊ रक्कम) ही याच हिशेबाने ठरते. हत्यार आणि हात यांची अशी एकच मोजणी झाली, ती त्या कष्टांची खूण आहे.

मनगटाएवढे लाकूड फोडायचे तर ते उभे करून माथ्यावर धार टेकवावी आणि पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकावे. हातोडा वापरू नये. पाठ चेपते, पाते तडकू शकते. गाठ टाळून भेग धरावी. याहून जाड ओंडक्याला कुऱ्हाड आणि पाचरच लागते.

बोथटलेले पाते लोहाराकडून शेवटून, म्हणजे धार पुन्हा घडवून, घेतात. गाठीवर घाव बसल्यावर धार वळली तर पाणी कमी पडलेले असते. कपचा उडाला तर जास्त झालेले.