आधारगटांतील लेखवाटप आणि कॉपीराइट

एकाच आजाराशी, व्यसनाशी किंवा अपंगत्वाशी झुंजणारी माणसे व त्यांचे नातेवाईक फोनवर जे आधारगट चालवतात, त्यांत वर्तमानपत्रे, मासिके आणि वैद्यकीय नियतकालिके यांतील लेख एकमेकांना पाठवण्याची प्रथा आणि तिला लागू होणारा कायदा. कात्रणाचा फोटो, ई-पेपरच्या पानाची पीडीएफ, स्क्रीनशॉट, टाइप करून घेतलेला मजकूर, भाषांतर आणि वाचून पाठवलेला ऑडिओ ही या वाटपाची नेहमीची रूपे आहेत. प्रस्तुत नोंदीत सोलापूर शहर व जिल्ह्याच्या संदर्भात या प्रथेचा विचार केला आहे.

सोलापुरात ही गरज का वाढते हे शहराच्या घडणीवरून कळते. यंत्रमाग आणि विडी हे इथले जुने धंदे. कापसाच्या तंतूंनी आणि तंबाखूच्या धुळीने छातीचे विकार होतात आणि ते वर्षानुवर्षे चिकटून राहतात. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ मध्ये सुरू झाले. त्याला जोडलेल्या रुग्णालयाला सगळे ‘सिव्हिल’च म्हणतात आणि तिथे जिल्ह्याबरोबरच शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातून व सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. कर्करोगासाठी बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती रुग्णालय आहे. ओपीडीतल्या गर्दीत डॉक्टरांना एका रुग्णासाठी काही मिनिटेच मिळतात. खरे प्रश्न घरी गेल्यावर, रात्री उभे राहतात : केमोनंतर तोंड आले तर काय खायला द्यायचे, गोळीची वेळ चुकली तर पुढची कधी घ्यायची, मुलाच्या प्रमाणपत्रासाठी कोणता कागद लागतो. अशा वेळी गटावर कोणीतरी एक लेख टाकतो आणि दहा घरांना धीर येतो. या प्रथेकडे आधी या बाजूने पाहायला हवे. लेख पाठवणारा चोरी करायला बसलेला नसतो.

तरीही लेख कोणाचा तरी असतो. भारतात हा हक्क कॉपीराइट अधिनियम, १९५७ ने ठरवला आहे. लेखन पूर्ण झाले की हक्क आपोआप निर्माण होतो. नोंदणी लागत नाही, वर्तुळातल्या c ची (©) खूण लागत नाही. मजकुराच्या प्रती काढणे, तो लोकांपर्यंत पोहोचवणे आणि त्याचे भाषांतर करणे हे अधिकार कलम १४ प्रमाणे मालकाचे आहेत. मालक म्हणजे नेहमीच लेखक असे नाही : पगारी पत्रकाराने वर्तमानपत्रासाठी लिहिलेल्या मजकुराचा प्रकाशनाचा हक्क, वेगळा करार नसेल तर, वर्तमानपत्राच्या मालकाकडे जातो. खाली ‘साभार’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही. लेखकाचे नाव देणे हे त्याचे देणे आहे, ते द्यायलाच हवे. परंतु ते परवानगीची जागा घेत नाही.

याच कायद्याची दुसरी बाजू आधारगटांना फारशी माहीत नसते आणि तीच त्यांच्या सर्वाधिक उपयोगाची आहे. हक्क मांडणीवर असतो, माहितीवर नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले की कल्पना, विषय आणि वस्तुस्थिती यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो. औषधाचे दुष्परिणाम, पथ्य, योजनेचे निकष, तपासणीचा क्रम हे सारे लेखात वाचून आपल्या शब्दांत गटाला सांगायला कोणाचीही परवानगी लागत नाही. म्हणजे रुग्णाला लेखातून जे हवे असते, ते बहुतेक सगळे मोकळेच आहे. अडचण येते ती जसेच्या तसे पान उचलून पाठवण्यात.

कलम ५२ मध्ये काही वापर हक्कभंगातून वगळले आहेत. खासगी किंवा वैयक्तिक उपयोग (संशोधनासह), टीका व समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्तांकन यांसाठीचा न्याय्य वापर त्यात येतो. स्वतःच्या आजारावरचा लेख जपून ठेवणे किंवा आईसाठी त्याची प्रिंट काढणे हे निःसंशय वैयक्तिक. गटाचे काय? व्हॉट्सॲपच्या एका गटात आता १,०२४ जण मावतात, आणि त्यांतले बरेचसे एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. मुंबई उच्च न्यायालयासमोर १९८९ मध्ये गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात केबलवरून दाखवलेल्या चित्रपटांचा प्रश्न आला होता. प्रत्येक जण आपापल्या घरात बसून पाहत असला तरी वर्गणीदारांचा तो समुदाय ‘जनता’च ठरतो, असा निर्णय झाला. तो निकाल पैसे घेणाऱ्या केबलचालकांचा आहे, त्यामुळे विनामूल्य आधारगटाला तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण ‘आमचा गट बंद आहे, म्हणून खासगी आहे’ हा युक्तिवाद त्यापुढे लंगडा पडतो. चार भावंडांचा गट आणि सातशे सदस्यांचा जिल्हाव्यापी गट यांना एकच माप लावता येत नाही. न्याय्य वापर ठरवताना किती व कोणता भाग घेतला, कशासाठी घेतला आणि त्यामुळे मूळ प्रकाशनाशी स्पर्धा होते का, हे तीन मुद्दे केरळ उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सिव्हिक चंद्रन खटल्यात मांडले. एखादा उपयुक्त परिच्छेद देऊन त्यावर गटात चर्चा करणे या कसोट्यांवर टिकण्यासारखे आहे. रोज सकाळी अख्खा अंक टाकणे टिकण्यासारखे नाही.

अख्ख्या अंकाचा प्रश्न २०२० च्या टाळेबंदीत ऐरणीवर आला. घरोघरी पेपर पोहोचणे विस्कळीत झाले आणि ई-पेपरच्या पीडीएफ गटागटांतून फिरू लागल्या. वर्तमानपत्रांची संघटना असलेल्या इंडियन न्यूजपेपर सोसायटीने हे वाटप बेकायदा असल्याचे सांगितले. दिल्ली उच्च न्यायालयाने २९ मे २०२० रोजी जागरण प्रकाशनाच्या दाव्यात टेलिग्रामला संबंधित चॅनल काढून टाकण्याचा व ते चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येण्यासारखा) असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. व्यापारी फायद्यासाठी केलेले नसेल तर न्यायालय कारणे नोंदवून शिक्षा कमी करू शकते. गटाच्या ॲडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले की दुसऱ्या सदस्याच्या मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिन जबाबदार ठरत नाही. ते प्रकरण आक्षेपार्ह शेऱ्याचे होते, कॉपीराइटचे नव्हते, आणि जो ॲडमिन स्वतःच रोज पीडीएफ टाकतो त्याला या निकालाचा आडोसा मिळणार नाही.

सोलापुरात सर्वांत गुंतागुंतीचा भाग भाषांतराचा आहे. उपचारांवरचे नवे लेखन बहुतेक इंग्रजीत येते. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडे कन्नड घराघरांत आहे, उर्दू आहे, आणि मराठी तर सगळ्यांची व्यवहाराची भाषा आहे. कॉलेजात शिकणारी एखादी मुलगी इंग्रजी लेखाचे ओळीमागून ओळ मराठी करून गटावर टाकते, तेव्हा ती मोठे काम करत असते. आणि कायद्याच्या दृष्टीने मालकाच्याच हक्कात पाऊलही टाकत असते. भाषांतरासाठी सक्तीचा परवाना, म्हणजे मालकाच्या संमतीवाचूनही मिळणारा परवाना, मिळवण्याची सोय कलम ३२ मध्ये आहे, पण ती अर्ज, शुल्क आणि सुनावणी यांची वाट आहे. रुग्णांच्या गटाला ती परवडणारी नाही. त्याच मुलीने लेख वाचून, समजून घेऊन, पाच मिनिटांच्या ऑडिओत आपल्या भाषेत सांगितले तर प्रश्न मिटतो. विड्या वळताना हात मोकळे नसतात, कान मोकळे असतात. त्यामुळे ऐकणाऱ्यांसाठीही असा ऑडिओ लांबलचक मजकुरापेक्षा सोयीचा. प्रत्यक्ष बैठकीत प्रकाशित लेखनातील वाजवी उतारा वाचून दाखवायला कायद्याची मुभा आहेच. ऑडिओत शक्यतो लेखाचे शीर्षक, लेखक आणि तारीख सुरुवातीलाच सांगावी.

तारखेचा मुद्दा कॉपीराइटच्याही पलीकडचा आहे. कात्रण फिरत जाते तसतसे वरचे नाव, प्रकाशनाचे चिन्ह आणि तारीख कापली जाते. लेखकाचे नाव गाळण्याने कलम ५७ मधला त्याचा हक्क डावलला जातो. रुग्णाचे नुकसान मात्र तारीख गेल्याने होते. क्षयरोगाच्या सरकारी उपचारात आठवड्यातून तीन दिवस गोळ्या देण्याची पद्धत होती. २०१७ पासून देशभर रोज गोळी देण्याची पद्धत आली. जुन्या पद्धतीचे वर्णन करणारे बिनतारखेचे कात्रण आज एखाद्या घरात पोहोचले तर ते थेट औषध चुकवते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल यांचा समावेश झाला. जुना लेख वाचून थॅलेसेमियाच्या मुलाचे आईवडील ‘आपल्याला प्रमाणपत्र मिळतच नाही’ असे समजून बसू शकतात. लेखकाचा मान राखणारी आणि रुग्णाचा जीव सांभाळणारी रीत इथे एकच आहे : मूळ पानाची लिंक द्यावी. लिंकवर लेख पूर्ण असतो, तारखेसह असतो, आणि त्यात नंतर दुरुस्ती झाली असेल तर तीही दिसते. लिंक पाठवण्याने लेखाची प्रत तयार होत नाही. नेट संपलेल्या फोनवर लिंक उघडत नाही ही तक्रार खरी आहे. त्यासाठीच सोबत आपल्या शब्दांतला चार ओळींचा सारांश हवा.

अपंग व्यक्तींसाठी कायदा पुष्कळ उदार आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये अशी सोय आली की अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणीही लेख सुगम रूपात आणून तिच्या वैयक्तिक, शैक्षणिक किंवा संशोधनाच्या उपयोगासाठी तिला देऊ शकतो. संस्थांनाही नफा न घेता हे करता येते. गटात दृष्टिहीन सदस्य असेल तर त्याच्यासाठी कात्रणाचा फोटो टाइप करून किंवा संपूर्ण लेख वाचून पाठवणे निर्धोक आहे, मात्र तो त्यालाच पाठवायचा. सगळ्या गटाला पाठवला तर सवलत संपते. दृष्टिहीनांसाठीच्या माराकेश कराराला मान्यता देणारा भारत हा २०१४ मध्ये पहिला देश ठरला. इतका थेट उपयोगाचा हा अपवाद गटांमधून क्वचितच बोलला जातो.

मोकळेपणाने वाटता येणारे लेखनही कमी नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून मोजून साठ वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजींनी १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले. १९५० मध्ये ते गेले, त्यामुळे त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त आहे. राजपत्रातील अधिसूचना, विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल आणि न्यायालयांचे निकाल वाटता येतात. कायद्याच्या मजकुरासाठी मात्र त्याला भाष्याची जोड हवी अशी अट आहे. सरकारी पुस्तिकांवर सरकारचा साठ वर्षांचा हक्क असतो. जनजागृतीच्या पत्रकांवर पुनर्वापराला परवानगी छापलेली असेल तर ती पाहून घ्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च विनामूल्य वाचता येते. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांमुळे, म्हणजे मालकाने स्वतःच आधी दिलेल्या खुल्या परवानगीमुळे, वाटप खुले होते, तरी त्यांतले काही परवाने भाषांतराला मनाई करतात, म्हणून लेखासोबतची परवान्याची ओळ वाचूनच पुढे जावे. केंद्राच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी मिळाली. ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेतून सरकारी उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थी व अध्यापकांना सुमारे १३,००० नियतकालिके वाचायला मिळतात. गटातल्या एखाद्याचा भाचा अशा संस्थेत शिकत असेल तर त्याने लेख वाचून समजावून सांगावा. फाइल पुढे पाठवण्याची मुभा त्यात नाही. वर्गणीमागे असलेल्या लेखाच्या लेखकाला साधी मेल केली तर बरेच संशोधक आनंदाने प्रत धाडतात आणि शंकेला उत्तरही देतात. हा मार्ग इथे फार कमी वापरला जातो याचे वाईट वाटते.

गटातल्या सदस्यांनी स्वतः लिहिलेले अनुभव हेही लेखनच आहे. व्यसन सुटल्यावरचे पहिले वर्ष, मुलाच्या पहिल्या फिटची रात्र, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर आरशासमोर उभे राहणे, असे जे कोणी गटात लिहिते, त्याचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचाच असतो. तो मजकूर उचलून स्मरणिकेत छापणे किंवा दुसऱ्या गटात पाठवणे हाही हक्कभंग, आणि त्यात आजाराची गुप्तता फुटते ती वेगळीच. चांगले गट प्रवेशाच्या वेळीच हा नियम सांगतात आणि छापण्यापूर्वी लेखी होकार घेतात, नाव द्यायचे की नाही हेही विचारतात. लिहिणारा सदस्य हयात नसेल तर होकार त्याच्या वारसांकडून घ्यावा लागतो; साठ वर्षे तो हक्क त्यांचा असतो.