शेअर बाजाराचे पर्यायी संगणक केंद्र : शनिवारच्या सरावामागची पार्श्वभूमी

२ मार्च २०२४ रोजी शनिवार असूनही मुंबईतील दोन्ही शेअर बाजार उघडले. सव्वानऊ ते दहापर्यंतचे व्यवहार मूळ संगणक केंद्रातून झाले आणि साडेअकरानंतरचे पर्यायी केंद्रातून, म्हणजे आपत्तीत मूळ केंद्राची जागा घेणाऱ्या 'डीआर' (डिझास्टर रिकव्हरी) साइटवरून. सुटीच्या दिवशी हा खटाटोप का, याचे उत्तर तीन दशकांच्या इतिहासात आहे.

१२ मार्च १९९३ रोजी मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीत बॉम्बस्फोट झाला, तेव्हा तिथले सौदे सभागृहात तोंडी बोलीने होत. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने उपग्रहाने जोडलेल्या संगणकांवर शेअरचे व्यवहार सुरू केले आणि १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने संगणकावर सौदे करण्याची 'बोल्ट' प्रणाली आणली. बाजार सभागृहातून बाहेर पडला खरा, पण त्याचा सगळा भार आता सर्व्हर आणि दूरसंचार जोडण्यांवर आला.

संकट इमारतीपुरते थांबेलच असे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अवघी मुंबई ठप्प झाली. म्हणूनच पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात आणि ते जमत नसेल तर किमान ५०० किलोमीटर दूर असावे, असा शेअर बाजारांची नियामक संस्था असलेल्या 'सेबी'चा दंडक आहे. मात्र इतक्या अंतरावर प्रत्येक सौद्याची नोंद पोहोचेपर्यंत बाजार थांबू शकत नाही. त्यामुळे दूरच्या केंद्रातील प्रत काही क्षण मागे राहते, आणि एकही नोंद हरवू नये यासाठी मूळ केंद्राजवळ तिसरे केंद्र ठेवावे लागते.

एवढी तयारी असूनही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजार सकाळी ११.४० ला थांबला, तो थेट दुपारी ३.४५ ला सुरू झाला. दूरसंचार जोडण्या तुटल्याने जोखीम व्यवस्थापनाची प्रणाली कोलमडली होती, तरीही कामकाज पर्यायी केंद्राकडे हलवले गेले नाही. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दिवस हाच, कारण यंत्रणा सज्ज असली तरी ती वापरण्याचा निर्णय वेळेत झाला नाही, तर गुंतवणूकदाराला तिचा काहीच उपयोग होत नाही. महिन्याभरातच 'सेबी'ने त्या निर्णयालाही घड्याळ लावले : महत्त्वाची प्रणाली बंद पडल्यापासून ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पूर्ववत करायचे, गरज पडल्यास पर्यायी केंद्रातून.

ही मुदत प्रत्यक्ष सौद्यांवर पारखून पाहण्यासाठी मार्चमधला तो शनिवार होता. १८ मे रोजी, पुन्हा शनिवारीच, हा सराव दुसऱ्यांदा झाला.