मामाच्या गावाचा धूर

गदिमांच्या अगीनगाडीच्या गाण्यात धूर निघतो, झाडं पळतात आणि शेवटी मामाचं गाव येतं. मुंबईच्या पोरांसाठी ते गाव बऱ्याचदा नाशिक असायचं.

मुंबई-ठाणे गाडी 1853 साली धावली, पण सह्याद्री आडवा होता. थळ घाटातला, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या कसारा घाटातला मार्ग 1 जानेवारी 1865 रोजी खुला झाला. चढ 37 फुटांना 1 फूट. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. म्हणून गाडी कसाऱ्याला थांबायची आणि मागून ढकलायला जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागायची. आजही लागतात. तो धक्का बसला की डब्यातली पोरं ओरडणार, मग पहिला बोगदा, अंधार, पुन्हा ओरडा. एकमेकांच्या सदऱ्याची टोकं धरून अंगणात कू-झुकझुक करत पळायचा खेळ अशा प्रवासातूनच रंगत गेला असावा, असं मला आपलं वाटतं.

गंमत अशी, की कल्याण ते इगतपुरी मार्गावर 1930 सालीच विजेची इंजिनं आली. म्हणजे गदिमांनी गाणं लिहिलं तेव्हा या घाटातला धूर कधीच ओसरला होता. मात्र इगतपुरीला इंजिन बदलायचं आणि पुढे नाशिकपर्यंत कित्येक वर्षं वाफेचाच कारभार होता. खिडकीत बसलेल्या पोराच्या डोळ्यात कोळशाची कणी हमखास जायची. आमची आजी पदराचा बोळा करून त्यावर तोंडाची वाफ द्यायची आणि डोळ्याला लावायची. कणी निघो न निघो, रडं थांबायचं.

गाडीतून उतरलं तरी नाशिक आलेलं नसायचं. स्टेशन नाशिकरोडला, गाव आठ-नऊ किलोमीटर लांब. तिथून गावात यायला एके काळी घोड्यांची ट्राम होती, नंतर टांगे.

मामाच्या गावात सोन्याचांदीच्या पेठा आहेत, असं गाणं सांगतं. मोठी माणसं त्याला थाप म्हणतात. पण आमच्या आजोळची वाट नदीकाठच्या सराफ बाजारातूनच जायची, आणि दुकानांतली चांदीची भांडी बघून आम्हाला त्यात अतिशयोक्ती कधीच वाटली नाही. मामी रोज शिकरण करायची नाही, एवढाच काय तो फरक.