युद्धसेवेचा बिल्ला : ब्रिटिश दारूगोळा कामगारांच्या खुणेची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कामगारांचे बिल्ले बाजारात अनेकदा सैनिकी पदकांच्या जोडीने मांडलेले दिसतात. मात्र त्यांचा उगम शौर्याच्या गौरवात नाही, भररस्त्यात होणाऱ्या अपमानात आहे, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांचा संग्रह करण्यात फारसा अर्थ नाही.

ऑगस्ट १९१४ मध्ये ॲडमिरल चार्ल्स पेनरोझ-फिट्झजेराल्ड यांनी इंग्लंडमधील फोकस्टन येथे तीस स्त्रियांना हाताशी धरून, साध्या कपड्यांत फिरणाऱ्या तरुणांना भित्रेपणाची खूण म्हणून पांढरे पीस देण्याची मोहीम सुरू केली. तोफगोळ्यांच्या कारखान्यात लेथवर राबणारा कुशल कारागीरही संध्याकाळी घरी जाताना साध्या कपड्यांतच असे. हा अपमान टाळण्यासाठी असे अनेक कारागीर सैन्यात भरती झाले आणि कारखान्यांना हात कमी पडू लागले. त्यामुळे व्हिकर्स, आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ यांसारख्या शस्त्रनिर्मात्या कंपन्यांनी, कामगार युद्धाच्याच कामात आहे हे दाखवणारे आपापले बिल्ले काढले, तर नौदल खात्याने ‘ऑन वॉर सर्व्हिस १९१४’ असा मजकूर असलेला सरकारी बिल्ला दिला.

मे १९१५ मध्ये आघाडीवरील तोफगोळ्यांच्या टंचाईची बातमी ‘द टाइम्स’ने छापली आणि सरकार हादरले. जूनमध्ये डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्याकडे नवे दारूगोळा मंत्रालय सोपवण्यात आले; जुलैमध्ये झालेल्या युद्धसामग्री कायद्याने बिल्ले कोणी द्यायचे आणि कोणी लावायचे यावर सरकारचे नियंत्रण आणले, तसेच अनधिकृत वापर हा गुन्हा ठरवला. जानेवारी १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा आल्यावर तर, अंगावर गणवेश का नाही या प्रश्नाला उत्तर देणे ही केवळ प्रतिष्ठेची बाब उरली नाही.

माझ्या मते या साऱ्यांत सर्वांत बोलका आहे तो स्त्रियांसाठी काढलेला १९१६ चा त्रिकोणी बिल्ला. पुरुषांचा बिल्ला कोटाच्या काजात अडकवण्याजोगा होता. स्त्रियांच्या बिल्ल्याला मागे पिन होती. स्फोटके भरण्याच्या विभागात ठिणगीच्या भीतीने केसांतल्या पिनांसह धातूची प्रत्येक वस्तू बाहेर काढून ठेवावी लागे, म्हणजे जिथे जिवाला सर्वाधिक धोका होता, तिथे हा बिल्ला लावताच येत नसे. टीएनटी या स्फोटकाच्या संपर्काने या स्त्रियांची कातडी पिवळी पडे आणि लोक त्यांना ‘कॅनरी’ (एक पिवळा पक्षी) म्हणत. ५ डिसेंबर १९१६ रोजी लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यातील स्फोटात ३५ स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. युद्धकाळातील सेन्सॉरशिपमुळे ही घटना तेव्हा दडवून ठेवण्यात आली. जून १९१७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ची स्थापना झाली आणि तिच्या पदकाद्वारे धाडस दाखवणाऱ्या काही कामगारांचा सन्मान झाला, पण बहुतेकींच्या वाट्याला आला तो हा पितळी त्रिकोणच.

संग्राहकाने म्हणूनच बिल्ल्याची मागची बाजू आधी पाहावी; अनुक्रमांक, निर्मात्याचे नाव आणि मूळ पिन किंवा अडकवण याच गोष्टी बिल्ल्याचे खरेपण सांगतात. सप्टेंबर १९१६ पासून सेवामुक्त सैनिकांना दिल्या गेलेल्या चांदीच्या ‘सिल्व्हर वॉर बॅज’शी याची गल्लत करू नये, कारण त्या बिल्ल्याच्या क्रमांकावरून सरकारी नोंदवहीत सैनिकाचे नाव शोधता येते. कामगाराच्या बिल्ल्यासोबत कारखान्याचे पत्र, प्रमाणपत्र किंवा छायाचित्र असेल, तर ते कधीही वेगळे करून विकू नये. आणि पितळ घासून चकाकवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा.