बचावपटूची कारकीर्द (फुटबॉल)

फुटबॉल संघात गोलरक्षकाच्या पुढे राहून प्रतिपक्षाची चाल मोडून काढणाऱ्या खेळाडूस बचावपटू म्हणतात. सोलापूरच्या मैदानांवर त्याचे रूढ नाव ‘बॅक’ असे आहे आणि तो मधोमध खेळत असेल तर त्याला ‘स्टॉपर’ म्हणतात. स्टॉपरच्या दोन्ही अंगांना डावा व उजवा बॅक असतो. जुन्या पद्धतीत या सर्वांच्या मागे एक मोकळा खेळाडू ठेवीत, त्याला स्वीपर म्हणत.

बचावपटूचे काम म्हणजे चेंडू हिसकावून घेणे, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो फार तर अर्धा खरा आहे. जाणता बचावपटू चेंडू घेऊन येणाऱ्याच्या अंगावर एकदम धावून जात नाही. दीड-दोन पावलांचे अंतर राखून, गुडघे वाकवून आणि अंग जरा तिरके ठेवून तो मागे सरकत राहतो, समोरच्याला मैदानाच्या कडेकडे ढकलत नेतो आणि चेंडू त्याच्या पायापासून वीतभर लांब सुटला की त्याच क्षणी पाय घालतो. कबड्डीत कोपऱ्यावरचा खेळाडू चढाई करणाऱ्याचा पाय पुढे पडेपर्यंत पकडीसाठी थांबतो, तसेच हे थांबणे असते. कबड्डी आणि खो-खो अंगात मुरलेल्या सोलापूरसारख्या गावात नवख्या मुलाला बचाव समजावून देण्यासाठी याहून सोपा दाखला सापडणार नाही.

मैदानाचाही या शिक्षणात वाटा असतो. पर्जन्यछायेतील या शहरात बारमाही हिरवळ राखणे कठीण असल्याने मुलांचा सराव बहुधा मुरमाच्या मैदानावर होतो, आणि उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जात असल्याने तो भल्या सकाळी उरकावा लागतो. मुरमावर घसरून टॅकल केला, म्हणजे चेंडू हिसकावण्यासाठी पाय घातला, की मांडीच्या बाहेरच्या बाजूची साल निघते, जखमेत बारीक खडे रुततात आणि रात्री अंगावरची चादर तिला चिकटते. असे दोन-तीनदा झाले की मुलगा सांगावे न लागता उभ्याने खेळू लागतो. ही शिकवण मोलाची आहे, पण तिला दुसरी बाजूही आहे. ओल्या गवतावर नेमक्या वेळी घसरून चेंडू बाहेर काढणे हेही बचावाचे आवश्यक तंत्र असून ते मुरमावर घोटवता येत नाही. शिवाय मुरमावर उसळणारा चेंडू गवतावर सरपटत येतो, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या निवड चाचणीत पहिल्यांदाच हिरवळीवर उतरलेल्या मुलाचा अंदाज पहिली दहा-पंधरा मिनिटे चुकतच राहतो.

बचावात पायांइतकेच तोंडाला काम असते. मागून सगळे मैदान दिसत असल्यामुळे कोणी कोणाला धरायचे आणि बचावपटूंची रांग केव्हा पुढे न्यायची हे स्टॉपरने ओरडून सांगायचे असते. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी बोलणारी घरे शेजारी शेजारी असल्याने मिश्र वस्तीतल्या संघाच्या बचावफळीत ‘मागं’, ‘वेनक’, ‘हिंदे’ आणि ‘पीछे’ या चारही हाका अर्थाला बाधा न येता चालून जातात. गप्प राहणारा स्टॉपर कितीही चपळ असला तरी अपुराच, हे प्रस्तुत नोंदीचे ठाम मत आहे.

नियम बदलले तसे या भूमिकेचे रूपही बदलत गेले. 1925 पूर्वी ऑफसाइड, म्हणजे प्रतिपक्षाच्या गोलकडे फार पुढे राहून पास घेण्याचा दोष, टाळण्यासाठी आक्रमकाच्या पुढे प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी ही संख्या दोनवर आली, गोल वाढले आणि मधल्या फळीतील सेंटर हाफला मागे ओढून तिसरा बॅक बनवणे भाग पडले. हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनल संघाने रूढ केलेली डब्ल्यू-एम रचना ती हीच. 1960 च्या दशकात एलेनियो एरेरा यांच्या इंटर मिलान संघाने स्वीपरच्या आधाराने अभेद्य बचाव उभारून 1964 व 1965 असे सलग दोन युरोपियन चषक जिंकले. जर्मनीच्या फ्रांझ बेकेनबाउअर यांनी त्याच जागेवरून चेंडू घेऊन पुढे जात चढाईची आखणी सुरू केली. 1974 मध्ये त्यांनी कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकला आणि 1972 व 1976 असा दोनदा युरोपातील सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी’ऑर पुरस्कार मिळवला. 1992 मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास बंदी आली. त्यानंतर दडपणाखाली पायाने नीट पास देता न येणाऱ्या बचावपटूला वरच्या स्तरावर जागा उरली नाही.

व्यावसायिक बचावपटू साधारणतः आघाडीच्या खेळाडूपेक्षा उशिरा पिकतो आणि उशिरापर्यंत टिकतो, कारण वेग ओसरू लागला तरी खेळ वाचण्याची नजर वाढत राहते. इटलीचे पाओलो माल्दिनी हे याचे ठळक उदाहरण. वयाच्या 16 व्या वर्षी, 1985 मध्ये ते एसी मिलानकडून प्रथम खेळले, दीर्घकाळ डावे बॅक राहिले, पुढे मध्यभागी सरकले आणि 2009 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्याच एका क्लबसाठी 902 सामने खेळले. कडेचा बॅक वय वाढल्यावर मध्यभागी येतो, हा क्रम सोलापूरच्या प्रौढ संघांतही सहज दिसतो. कडेवर वर-खाली धावण्याचा दम सरला तरी उंच चेंडूचा अंदाज शाबूत असतो. बाजारभावात मात्र बचावपटू फार काळ मागे राहिले. 2018 मध्ये लिव्हरपूलने व्हर्जिल व्हॅन डाइकसाठी 7.5 कोटी पौंड आणि 2019 मध्ये मँचेस्टर युनायटेडने हॅरी मॅग्वायरसाठी 8 कोटी पौंड मोजले, तेव्हा ही दरी बरीच भरून निघाली.

शरीराला चुकवावी लागणारी किंमत मोठी असते. गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्यास अख्खा हंगाम हातचा जातो. भारताचा स्टॉपर संदेश झिंगन याच्यावर 2019 मध्ये हीच वेळ आली होती. त्याहून गंभीर प्रश्न डोक्याने चेंडू मारण्याचा आहे. ग्लासगो विद्यापीठाने स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या केलेल्या अभ्यासात, मेंदूच्या झिजेच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट असल्याचे 2019 मध्ये आढळले. 2021 मधील पुढच्या अभ्यासात अशा आजारांचा सर्वाधिक धोका बचावपटूंना, सुमारे पाचपट, असल्याचे दिसले, तर गोलरक्षकांचा धोका सर्वसामान्यांइतकाच होता. इंग्लंडमध्ये 2020 पासून प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून हेडर वगळण्यात आले आहेत. आपल्याकडील शालेय सरावात पोरांना रांगेत उभे करून वरून चेंडू टाकत हेडर घोटवून घेण्याची जुनी चाल आहे. ती तातडीने सोडायला हवी.

भारतीय फुटबॉलचा सन्मान बचावपटूंनीच आधी मिळवला. मोहन बागानकडून अनवाणी खेळणारे गोष्ठ पाल ‘चीनची भिंत’ म्हणून ओळखले जात. 1962 मध्ये पद्मश्री मिळवणारे ते पहिले फुटबॉलपटू ठरले. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखाली भारताने 1951 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत स्टॉपर जर्नेलसिंग यांच्या डोक्याला टाके पडले असताना प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी त्यांना आघाडीवर खेळवले, आणि अंतिम सामन्यात त्यांनी गोल करून दक्षिण कोरियावरील 2-1 अशा विजयाला हातभार लावला. महिला संघात मणिपूरच्या आशालता देवी यांनी बचाव सांभाळत देशाचे कर्णधारपद भूषवले.

सोलापुरात पार्क मैदानावरील इंदिरा गांधी स्टेडियमची ओळख मुख्यत्वे क्रिकेटची आहे. कोल्हापुरात तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियम भरवतात आणि तेथूनच 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव घडला. तसा पेठांचा आधार सोलापूरच्या मुलाला नाही. त्याची वाट शाळेच्या संघातून सुरू होते आणि सुब्रतो चषकासारख्या आंतरशालेय स्पर्धेतून जिल्हा, विभाग व राज्य अशी वर जाते. चौदा-पंधराव्या वर्षी बहुधा गाव सोडून अकादमी गाठावी लागते. चाचणीसाठी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे, हे अनेक घरांना जमते. वसतिगृहाचा खर्च पेलणे सगळ्यांना जमत नाही, आणि यंत्रमागावर किंवा विडीच्या पानांवर चालणाऱ्या घरात तर एक हात कमी होणे हाच मोठा खर्च असतो.

2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमधील करार फार थोड्यांच्या वाट्याला येतात. बाकीच्यांना रेल्वे, पोलीस किंवा सैन्यदलांच्या संघांत नोकरीसह खेळण्याची संधी असते. फिफाच्या नियमांनुसार 18 वर्षांखालील खेळाडूशी तीन वर्षांहून अधिक काळाचा करार करता येत नाही, ही बाब पालकांनी सही करण्यापूर्वी ध्यानात ठेवावी. निवृत्तीनंतर प्रशिक्षणाचा परवाना घ्यायचा झाल्यास प्राथमिक पातळीच्या डी परवान्यापासून आशियाई महासंघाच्या प्रो परवान्यापर्यंत पायऱ्या आहेत. जुन्या स्टॉपरला मैदान मागून पाहण्याची सवय असते, आणि शाळेच्या संघाला रांग कशी धरायची हे शिकवताना ती सवय सर्वांत आधी कामी येते.