औषधनिर्माणशास्त्र शिक्षणातील संवादकौशल्य

रुग्णाकडून नेमकी माहिती काढणे, औषध कसे घ्यायचे ते त्याला समजेल असे सांगणे आणि ते खरोखर समजले का हे तपासणे, या तीन गोष्टी फार्मसीच्या विद्यार्थ्याला शिकवण्याची प्रक्रिया. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2015 च्या व्यवसाय नियमावलीनुसार रुग्णाचे समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे काम आहे.

बी. फार्म. या पदवीच्या पहिल्या सत्रात ‘संवादकौशल्ये’ हा 30 तासांचा विषय असतो. त्याचा भर मुलाखत, गटचर्चा, सादरीकरण आणि इंग्रजी उच्चारांवर आहे. नोकरी मिळवायला हे उपयोगी पडते, पण औषध दुकानाच्या काउंटरवर फारसे नाही. रुग्णाशी बोलण्याचा विषय थेट सातव्या सत्रातील ‘फार्मसी प्रॅक्टिस’मध्ये येतो आणि मधल्या काळात सराव तुटतो. डी. फार्म. या पदविकेला दुसऱ्या वर्षी सामुदायिक फार्मसीचा विषय असून नंतर 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते.

पुण्यात ही दरी जास्त जाणवते. एरंडवण्यापासून आकुर्डी-निगडीपर्यंतच्या महाविद्यालयांत मराठवाडा, खानदेश आणि परराज्यांतून मुले येतात, शिकतात इंग्रजीत आणि मेडिकलवर बोलावे लागते मराठीत. पिंपरी-चिंचवड, हडपसरसारख्या कामगार वस्तीत हिंदीतही. म्हणून प्रत्येक नेहमीच्या औषधासोबत दोन-तीन बोलीतली वाक्ये पाठ करून घेणे फायद्याचे ठरते : ‘सकाळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर’, ‘झापड येईल, गाडी चालवू नका’, ‘जिभेखाली ठेवा, गिळू नका’.

सराव प्रश्नांपासून सुरू करावा. अमेरिकेतील इंडियन हेल्थ सर्व्हिसमध्ये विकसित झालेली तीन प्रश्नांची पद्धत जगभर शिकवली जाते : हे औषध कशासाठी आहे असे डॉक्टरांनी सांगितले? कसे घ्यायला सांगितले? घेतल्यावर काय होईल म्हणून सांगितले? उत्तरात जे चुकले किंवा राहिले तेवढेच विद्यार्थ्याने सांगायचे. यामुळे वेळ वाचतो आणि आधीचा गैरसमज उघडा पडतो. शेवटी ‘समजलं का?’ असे विचारू नये, त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘घरी सुनेला कसं सांगाल, मला सांगून दाखवा’ असे म्हटले की खरे काय समजले ते कळते.

उपकरणाच्या बाबतीत बोलणे पुरत नाही, करून दाखवून घ्यावे लागते. दाबाच्या इनहेलरचा क्रम असा : हलवणे, श्वास पूर्ण सोडणे, तोंडात धरून ओठ घट्ट मिटणे, सावकाश श्वास घ्यायला लागताच दाबणे, साधारण 10 सेकंद श्वास रोखणे. स्टेरॉइड असेल तर चूळ भरून पाणी थुंकणे. भुकटीच्या इनहेलरमध्ये उलट श्वास जोरात आणि खोल घ्यायचा असतो. विद्यार्थी हे दोन्ही एकाच ओघात सांगून मोकळे होतात. भुकटीच्या इनहेलरमध्ये घालायची कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही असतात, त्यामुळे ‘ही गिळायची नाही’ हे वाक्य गाळता येत नाही. ओआरएसचेही तसेच : 1 लिटरची पुडी पेल्यात थोडी थोडी टाकली तर क्षारांचे प्रमाण बिघडते.

वर्गातील भूमिकाभिनयात मोठी अडचण म्हणजे रुग्ण झालेला मित्र स्वतःच अभ्यासू असतो आणि शहाण्यासारखी उत्तरे देतो. त्यावर उपाय म्हणून त्याच्या हाती चिठ्ठी द्यावी : ‘तुम्ही 68 वर्षांच्या आजी. मधुमेहाची ग्लिमेपिराइड चालू आहे. चतुर्थीला दिवसभर उपास करता. विचारल्याशिवाय सांगायचे नाही.’ उपास धरून ही गोळी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. विद्यार्थ्याने उपासाबद्दल विचारले का, एवढ्यावरच निम्मे गुण ठेवता येतात. डोस स्वतः न बदलता डॉक्टरांना विचारणे हेही गुणात धरावे. परीक्षकाची यादी मात्र आटोपशीर हवी. पंचवीस मुद्द्यांची यादी दिली की विद्यार्थी रुग्णाकडे न बघता मुद्दे उरकू लागतो.

डॉक्टरांना फोन करणे हा वेगळा सराव, आणि बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित. संधिवाताच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर मेथोट्रेक्झेट रोज लिहिले असेल तर हा जीवघेणा घोळ ठरू शकतो, कारण या आजारात ते आठवड्यातून एकदाच देतात. ‘चूक झाली आहे’ असे न म्हणता आपले नाव, रुग्ण, लिहिलेला डोस आणि एक थेट प्रश्न (‘आठवड्यातून एकदा अपेक्षित आहे का, सर?’) एवढे अर्ध्या मिनिटात सांगता आले पाहिजे. उत्तर मिळाल्यावर ते मोठ्याने परत म्हणून चिठ्ठीवर वेळेसह नोंदवायचे.

टीबी, गर्भनिरोधक, गुप्तरोग यांबद्दल काउंटरच्या टोकाला नेऊन हळू आवाजात बोलावे. अरुंद दुकानात हे जमणे अवघडच, तिथे सूचना कागदावर लिहून देणे बरे. प्रशिक्षणातील 500 तासांचा मोठा भाग कपाटे लावण्यात आणि बिलांत जातो. संध्याकाळच्या गर्दीत नवख्याला बोलायला सोडणे दुकानदाराला परवडत नाही, म्हणून दुपारचा एखादा निवांत तास आधीच ठरवून घ्यावा आणि त्यात विद्यार्थ्याने किमान एका रुग्णाशी पूर्ण संभाषण करून वहीत प्रश्न, उत्तर आणि राहून गेलेली गोष्ट लिहावी.